कॉमन पिंजऱ्यात बजीचे ब्रीडिंग पिंजरे कसे बसवायचे (माझ्या चुकांसकट)

पहिलंच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मोठा ब्रीडरपण नाही. सोलापूरच्या विडी घरकुलला आमच्या गच्चीवर १० फूट बाय ६ फूट, उंचीला ७ फूट असा एक पिंजरा आहे, त्यात वीस-बावीस बजी, चार फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी) आणि एक म्हातारा कॉकटेल (कॉकाटील, तुऱ्याचा पोपट) असा संसार. बजी म्हणजे आपल्याकडे दुकानात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात तोच, मूळचा ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, तो वेगळा पक्षी. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

बहुतेक जण काय करतात, मोठ्या पिंजऱ्यात आठ-दहा मटकी टांगतात आणि सोडून देतात. त्याला कॉलनी ब्रीडिंग म्हणतात. पिल्लं होतात, नाही असं नाही, पण कुठलं पिल्लू कुणाचं कळत नाही, भाऊ-बहीण जोडी लावून मोकळे होतात, आणि माद्या एकमेकींच्या मटक्यात घुसून अंडी फोडतात. बजीची मादी दिसायला गरीब असते, पण मटक्यावरून भांडण लागलं की ती काय करेल सांगता येत नाही. म्हणून मग डोक्यात येतं की एक-एक जोडी वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात ठेवू, आणि गच्चीवर दुसरी जागा नसल्यामुळे ते छोटे पिंजरे मोठ्या पिंजऱ्याच्या आतच लावू. कल्पना चांगली आहे. बजी थव्यात राहणारा पक्षी, आजूबाजूला बाकीच्यांचा कलकलाट ऐकू आला की जोडी लवकर तयार होते, एकटी जोडी शांत खोलीत ठेवली तर महिना-महिना नुसती बसून राहते.

पण मी पहिल्यांदा केलं ते असं. बाजारातला चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा आणला, केबल टायने मोठ्या पिंजऱ्याच्या मधोमध टांगला, बाहेरच्या बाजूला मटकी बांधली, मटकीचं तोंड पिंजऱ्यात आणि मागच्या भोकाला, म्हणजे आपण हात घालून बघतो त्याला, पुठ्ठ्याचं झाकण. दुसऱ्या दिवसापासून सगळी कॉलनी त्या पिंजऱ्याच्या डोक्यावर. त्यांची घाण खाली दाण्याच्या वाटीत. आतली मादी जाळीला लटकली की बाहेरची मादी तिची बोटं चावायची. तरीपण पाच अंडी झाली, चार पिल्लं निघाली, मला वाटलं जमलं. आणि एका दुपारी कामावरून आलो तर बाहेरच्या एका मादीने पुठ्ठा कुरतडून भोक मोठं केलेलं, आत जाऊन बसलेली, तीन पिल्लं मेलेली आणि चौथं रक्तबंबाळ. गल्लीतले एक मामा कबुतरं आणि पक्षी पाळतात, लय वर्षांचा अनुभव, ते बघून एवढंच बोलले, "अरे आवाज जाऊ दे, चोच जाऊ देऊ नको." पुढचं सगळं त्या एका वाक्यावर आहे असं समजा.

१) आधी हे ठरवा की करायचंच आहे का

एक जोडी एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी देते. दोन वेळा घेतलं तर एका जोडीची आठ-दहा पिल्लं. तीन जोड्या लावल्या की चार महिन्यांत तुमचा मोठा पिंजरा फुल. ती पिल्लं कुठे जाणार हे आधी ठरवा, "बघू नंतर, देऊ कुणालातरी" असं म्हणून चालत नाही, मी पण तसंच म्हणालो होतो आणि मग मित्रांनी माझे फोन उचलायचे बंद केले.

आणि १० बाय ६ च्या पिंजऱ्यात तीनच्या वर ब्रीडिंग पिंजरे लावू नका. बाकीच्यांना उडायला सरळ लांब जागा पाहिजे, नाहीतर तेच पक्षी चिडचिडे होतात.

२) कधी करायचं

सोलापुरात दसऱ्यानंतर सुरू आणि होळीला बंद. याला अपवाद करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, गच्चीवर पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि मटक्यात किंवा लाकडी ब्रीडिंग बॉक्समध्ये मादी आणि चार पिल्लं एकाला एक चिकटून बसलेली असतात. तिथे काय होत असेल विचार करा. उन्हाळ्यात पक्षी पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसले की ते जगायच्या मागे असतात, पिल्लं काढायच्या नाही. होळीच्या सुमाराला सगळी मटकी-बॉक्स काढून टाका, बॉक्स दिसत राहिला तर मादी थांबत नाही.

३) सामान

सगळं सोलापुरात मिळतं, पुण्याला जायची गरज नाही.

– तीन पिंजरे, प्रत्येकी २४ इंच लांब, १८ खोल, १८ उंच. याच्यापेक्षा लहान नको. जाळी वेल्डमेश, अर्धा इंची.
– १२ एमएमचा प्लायवूड, बाजू-पाठ-छत-तळाला. पत्रा नको, तापतो.
– प्लायच्या कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, नाहीतर बजी कडा कुरतडून खातात.
– घसरडी पीव्हीसी शीट, छताच्या वर तिरकी लावायला.
– बॉक्स किंवा मटकी, प्रत्येक जोडीला एक, वर एक जास्तीची.
– कडुनिंबाच्या फांद्या, बोटाएवढ्या जाडीच्या.
– रंध्याचा भुसा. सुताराकडे फुकट मिळतो, पण पॉलिश किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा नको, विचारून घ्या.
– समुद्रफेस (कटलबोन, कॅल्शियमसाठी), मिनरल ब्लॉक.
– व्हिनेगर, तारेचा ब्रश, मास्क.
– झिरोचा बल्ब.
– एक वही. वहीबद्दल शेवटी सांगतो.

नवीन गॅल्व्हनाइज्ड जाळी तशीच वापरू नका. तिच्यावर जस्ताचे बारीक कण आणि पावडर असते, बजी दिवसभर जाळी चावत असतात, जस्त पोटात गेलं की पक्षी मरतो. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून ब्रशने घासायची, स्वच्छ धुवायची, दोन-तीन दिवस उन्हात ठेवायची. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

४) मोठा पिंजरा आधी तपासा

छोटे पिंजरे लावायच्या आधी आत कोण-कोण राहतंय ते बघा. आफ्रिकन लव्हबर्ड असेल तर त्याला आधी बाहेर काढा, तो बजीचे पाय तोडतो, ही अफवा नाही. फिंच चालतात पण ब्रीडिंगच्या दिवसात त्यांच्यावरही लक्ष ठेवा. कॉकटेल बिचारा सगळ्यांत गरीब.

मग जाळी बघा. उंदीर अर्धा इंचाच्या वरच्या भोकातून आत येतो आणि एका रात्रीत अंडी-पिल्लं संपवतो. मांजर आत येऊ शकलं नाही तरी जाळीवर उडी मारून रात्री घाबरवतं. दाराला दोन दारं पाहिजेत, म्हणजे एक दार उघडून आत गेलो, ते लावलं, मग दुसरं उघडलं. ब्रीडिंगच्या काळात तुम्ही रोज आत-बाहेर करणार, एकच दार असेल तर एखादा पक्षी उडून जाणारच, आणि बजी एकदा उडाला की परत येत नाही, कावळे वाट बघत असतात.

नवीन आणलेला पक्षी सरळ आत टाकू नका. तीस दिवस वेगळ्या खोलीत. हे सगळे सांगतात आणि कुणी करत नाही, मी पण एकदा केलं नाही आणि सगळ्या पिंजऱ्याला चोचीवरची खरूज लागली.

५) जागा: सगळा खेळ इथे आहे

पहिला नियम, मधोमध टांगायचं नाही. मधोमध टांगलेल्या पिंजऱ्याला सहा बाजू असतात आणि सहाही बाजूंनी कॉलनी हात-पाय घालते.

मी आता जे करतो ते भिंतीतल्या कपाटासारखं आहे. मोठ्या पिंजऱ्याच्या एका लांब बाजूची जाळी ब्रीडिंग पिंजऱ्याच्या मापाची कापायची, आणि छोटा पिंजरा त्या खिडकीत असा बसवायचा की त्याचं तोंड बाहेर, आपल्याकडे, गच्चीच्या बाजूला आणि बाकीचं धड आत कॉलनीत. तोंडाला जाळी, दार, दाण्या-पाण्याच्या वाट्या, बॉक्स सगळं आपल्या बाजूला. कॉलनीच्या बाजूला येतात त्या फक्त प्लायच्या बाजू, प्लायची पाठ, प्लायचं तळ आणि तिरकं छत. आवाज सगळा येतो-जातो, चोच कुठेच पोचत नाही. आणि मोठा फायदा म्हणजे दाणा-पाणी करायला, अंडी बघायला मोठ्या पिंजऱ्यात शिरावं लागत नाही.

पाठीला मात्र एक छोटं सरकतं दार ठेवा, ४ इंच बाय ४ इंच पुरे, बाहेरून तारेने ओढून उघडता येईल असं. आत्ता ते बंद. पिल्लं मोठी झाल्यावर हेच दार उघडायचं आहे, तेव्हा कळेल की ही कटकट कशासाठी केली.

आता कुठली बाजू. पश्चिमेची नको, दुपारनंतरचं ऊन सरळ आत येतं. पूर्व किंवा उत्तर बघा. सकाळचं कोवळं ऊन अर्धा-पाऊण तास मिळालं तर चांगलंच.

उंची किती हा प्रश्न जरा अवघड आहे. बजीला उंचावर बसायला आवडतं त्यामुळे पिंजरा जेवढा वर तेवढी त्याच्या डोक्यावर गर्दी कमी, पण आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये वरचा दीड फूट म्हणजे भट्टी. खाली लावला तर उंदीर, गारवा आणि वरच्या दांड्यांवरून पडणारी घाण. मी मधला मार्ग घेतला, तळ साधारण साडेतीन-चार फुटावर, म्हणजे आपल्या छातीएवढा, आणि छतावर पीव्हीसी शीट चांगली उतरती, कौलासारखी. बसायला गेले की घसरतात, चार दिवस मजा बघायची, मग नाद सोडतात.

कॉलनीचा दाणा, पाणी, आंघोळीचं ताट हे सगळं समोरच्या बाजूला हलवा. जिथे खायला तिथे गर्दी. आणि ब्रीडिंग पिंजऱ्याच्या बरोबर वर एकही दांडी ठेवू नका.

जाळी कापायचीच नसेल, भाड्याचं घर असेल किंवा पिंजरा दुसऱ्याचा असेल, तर कोपरा पकडा. दोन बाजू मोठ्या पिंजऱ्याच्या भिंतीला, एक बाजू आणि छत प्लायचं, आणि उरलेल्या तोंडाला दोन इंच पुढे अजून एक जाळीची फ्रेम. दोन जाळ्यांत अंतर राहिलं की चोच पोचत नाही. काम चालतं, पण रोज आत शिरावं लागतं.

६) बसवायची पद्धत

फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलचे ब्रॅकेट करून घ्या, केबल टायवर विसंबू नका, उन्हाने दोन महिन्यांत तुटतात. पिंजरा हलता कामा नये. आतल्या दांड्या तर अजिबात हलता कामा नयेत, हे लय महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही: दांडी डगमगली की मेटिंग नीट होत नाही आणि अंडी फोकट जातात, मग आपण नराला नावं ठेवत बसतो. दोन दांड्या, दोन्ही टोकांना घट्ट.

दोन ब्रीडिंग पिंजरे शेजारी-शेजारी असतील तर मधली भिंत बंद पाहिजे. दोन माद्या एकमेकींना दिसल्या की अर्धा दिवस जाळीवर भांडतात, आणि नर शेजारणीला दाणा भरवायला जातो, आपल्यातलंच समजा.

तोंडाच्या बाजूला, गच्चीकडे, बॉक्स मावेल एवढी जागा सोडून एक जाळीचं शटर करा, त्याला कुलूप किंवा बोल्ट. मांजरासाठी. रात्री बंद, दिवसा उघडं.

मुंग्या. सोलापूरच्या लाल मुंग्या ओल्या पिल्लाला शोधत येतात, आणि नुकतं निघालेलं पिल्लू म्हणजे त्यांची मेजवानी. मुंग्यांचा खडू अजिबात मारू नका, तो विषारी आहे आणि पक्षी तो चाटतात. मोठ्या पिंजऱ्याच्या पायांना बाहेरून, पक्ष्यांची चोच पोचणार नाही तिथे, गाडीचं ग्रीस लावा किंवा पाय पाण्याच्या भांड्यात ठेवा, आणि पिंजऱ्याला टेकणारी एकही वायर, दोरी, फांदी राहू देऊ नका. मुंगीला एक दोरी पुरते.

सगळं बसवून झालं की आठ-दहा दिवस पिंजरे रिकामे ठेवा. कॉलनीला त्यांची सवय होऊ दे, जे काय तपासायचं, वर बसून बघायचं ते बघू दे. पहिल्याच दिवशी जोडी आत टाकली तर बाहेरचे घाबरलेले आणि आतले त्याहून.

७) जोडी

नर-मादी ओळखायचं चोचीच्या वरच्या नाकावरून. मोठा नर असेल तर निळं, ब्रीडिंगला आलेली मादी तपकिरी, खडबडीत. फिकट निळं आणि नाकपुडीभोवती पांढरी गोल किनार असेल तर ती मादीच आहे, पण अजून तयार नाही, यातच नवीन माणूस फसतो आणि दोन माद्या एकत्र टाकतो. पिवळ्याधमक किंवा पांढऱ्या लाल डोळ्यांच्या पक्ष्यात नराचं नाक निळं होतच नाही, गुलाबी-जांभळट राहतं.

मादी दहा-बारा महिन्यांच्या आत ब्रीडिंगला लावू नका. लहान मादीचं अंडं अडकतं.

आता खास कॉमन पिंजऱ्याची गोष्ट. तुम्ही कॉलनीतून नर उचलला, मादी उचलली, आत टाकले. पण त्या नराची जोडी आधीच बाहेर कुणाशी तरी जमलेली असेल तर? तो आत बसून तिला हाका मारणार, ती बाहेरून ओ देणार, आणि आतली बिचारी एका कोपऱ्यात. बाहेर आवाज ऐकू येतोय हा जो आपल्या पद्धतीचा फायदा आहे तोच इथे उलटतो. माझा एक हिरवा नर असाच तीन आठवडे पाठीच्या प्लायला चोच लावून ओरडत बसला होता, मित्र म्हणाला, "काय बे, याचं तर लव्ह मॅरेज झालेलं हाय!" म्हणून आधी आठ दिवस कॉलनी नुसती बघत बसा. कोण कुणाला भरवतंय, कोण कुणाचं डोकं खाजवतंय. जमलेली जोडी घ्या. रंगासाठी दुसरी जोडी लावायचीच असेल तर दोघांचे जुने जोडीदार काही आठवडे ऐकू येणार नाहीत इतके लांब ठेवा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर नाही, दुसऱ्याच्या घरी.

तिन्ही जोड्या एकाच दिवशी आत टाका. अंडी मागे-पुढे चार दिवसांत येतात, आणि कुणाची मादी पिल्लं सोडून बसली तर दुसरीच्या बॉक्समध्ये तेवढ्याच आकाराचं पिल्लू सरकवता येतं.

बाहेरच्या कॉलनीत त्या काळात एकही मटकी, नारळाची करवंटी, बॉक्स काही ठेवू नका. नाहीतर आत एक प्लॅन आणि बाहेर दुसराच.

८) बॉक्स की मटकी

दोन्ही चालतं. मटकी गारवा देते, स्वस्त आहे, कुंभार वेशीत हवं ते तोंड करून मिळतं. पण साफ करायला आणि आत बघायला कटकट, आणि गोल तळात पिल्लं एकावर एक पडतात. मी आता बॉक्सवर आलोय: ९ इंच लांब, ६ रुंद, ६ उंच, पावणेदोन इंचाचं भोक, तळाला बशीसारखा खोलगट खड्डा. खड्डा नसेल तर अंडी घरंगळतात, आणि सपाट तळावर पिल्लांचे पाय बाजूला फाकतात, ती पुढे कधी नीट उभी राहत नाहीत. वरचं झाकण लाकडाचं आणि त्याला कडी. पुठ्ठा नाही. माझं ऐका.

बॉक्स तोंडाच्या बाजूला, आपल्याकडे, शटरच्या आत लावा. जोडी आत टाकल्यावर पाच-सहा दिवसांनी, लगेच नाही. दोघं शांत झाले, खायला लागले, मग. दोन मुठी भुसा टाका, मादी अर्धा बाहेर फेकेल, फेकू दे.

९) अंडी ते पिल्लं

बॉक्समध्ये जायला लागल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं, मग एक दिवस आड एक. एका अंड्याला साधारण १८ दिवस लागतात. अंडी जशी आली तशीच पिल्लं निघतात, एक दिवस आड, म्हणून पहिलं आणि शेवटचं यांत आठ-दहा दिवसांचा फरक पडतो आणि शेवटचं चेंगरतं. इथेच ती दुसऱ्या बॉक्समध्ये सरकवायची युक्ती कामाला येते.

बसल्यावर सहा-सात दिवसांनी मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा, लाल शिरा दिसल्या तर चांगलं. अंडं उचलून रोज बघू नका, पण दिवसातून एकदा बॉक्समध्ये नुसतं डोकावायची सवय पहिल्यापासून लावा, म्हणजे मादी दचकत नाही.

खायला बाजरी, राळा, वरी हे मुख्य. पिल्लं असताना मोड आलेली ज्वारी द्या, आपल्याकडे मालदांडी कुठेही मिळते, रात्री भिजवून फडक्यात बांधायची, सकाळ-संध्याकाळ धुवायची, आंबूस वास आला तर फेकून द्यायची. उकडलेलं अंडं टोस्टच्या चुऱ्यात कुस्करून, पण दोन तासांत वाटी उचला, आपल्या हवेत लगेच खराब होतं. कोथिंबीर, शेवग्याचा पाला. समुद्रफेस कायम. पाणी दिवसातून दोनदा बदला, नळाला रोज पाणी येत नसेल तर आपण पिंपात साठवतो, ते पिंप झाकून ठेवा, शेवाळलेलं पाणी पक्ष्याला देऊ नका.

मादी अंग फुगवून तळाला बसली, शेपूट वर-खाली होतंय, जोर लावतेय, तर अंडं अडकलंय. पिंजऱ्याच्या एका बाजूला बल्ब लावून ऊब द्या आणि डॉक्टरकडे पळा. तेल सोडणं, दाबणं असले उद्योग करू नका, अंडं आत फुटलं तर संपलं.

पिल्लांना सात ते दहा दिवसांत डोळे उघडतात, ३०-३५ दिवसांत बॉक्सच्या बाहेर. त्याच सुमाराला मादी दुसऱ्यांदा अंडी द्यायच्या मागे लागते आणि मोठ्या पिल्लांना चावायला लागते. तसं दिसलं की घाबरू नका, पिल्लं काढून नराबरोबर वेगळी करा, भरवायचं काम तसंही आता तोच करतो.

आवाजाचं एक. आमच्याकडे शेजारी पॉवरलूमची खटखट दिवसभर असते, पक्ष्यांना त्याचं काही वाटत नाही, एकसारखा आवाज ते विसरून जातात. पण दिवाळीचे फटाके, आणि होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दारूकामाची रात्र, यात अंधारात पक्षी भडकून आपटतात, मादी अंड्यांवरून उठते आणि अंधारात परत बॉक्स सापडत नाही. झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवा. थंडीत वरून चादर टाकायची असेल तर टाका, सोलापुरात चादरीला काय कमी, पण ती जाळीला चिकटून नको आणि टॉवेल तर नकोच, धाग्यांच्या कड्यात बोट अडकतं आणि पक्षी रात्रभर लटकून राहतो.

१०) पिल्लं कॉलनीत सोडणं

आता ते पाठीचं सरकतं दार. पिल्लू बाहेर आलं म्हणजे तयार झालं असं नाही. स्वतः दाणा सोलून खातंय हे डोळ्यांनी बघा, साधारण सहा आठवडे होतात. घाई केली तर कॉलनीत उपाशी मरतं आणि आपल्याला कळतही नाही कारण ते वाटीजवळ बसलेलं दिसतं. हातात घेऊन छातीचं हाड तपासा, धारदार लागलं तर परत आत.

सोडायचं सकाळी, सुट्टीच्या दिवशी. दार उघडा आणि बाजूला व्हा. ओढून बाहेर काढू नका. महिनाभर आवाज ऐकलेला असतो त्यामुळे बाकीचे त्याला परका समजत नाहीत, माझ्या अनुभवात हाच या सगळ्या खटाटोपाचा सगळ्यात मोठा फायदा. तरी एखादी खाष्ट मादी मागे लागतेच, खाली जमिनीवर एक-दोन दाण्याच्या वाट्या आणि दोन-तीन पानांच्या फांद्या लपायला ठेवा. आई-बाप मात्र दार उघडल्यावर बाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या, मी एकदा चारी पिल्लं आत आणि नर बाहेर असा प्रकार करून बसलो, त्याला पकडता-पकडता संध्याकाळ झाली.

११) कागद आणि वही

बजी पाळायला लायसन लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आपले देशी पोपट येतात, हिरवा कंठवाला राघू वगैरे, ते पाळणं गुन्हा आहे, मग तो कितीही वर्षं घरात असो. बजी परदेशी आहे आणि साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतही नाही. पण दुकान काढून विकायचं झालं तर पेट शॉपच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पक्षी आणताना बिल घ्या आणि जपून ठेवा. गच्ची सामाईक असेल तर शेजाऱ्यांना आधी विचारा, सकाळी सहाला वीस बजी ओरडतात.

वहीत लिहा: कुठली जोडी, बॉक्स कधी लावला, अंडी कधी, किती फुटली, पिल्लाच्या पायातल्या रिंगचा नंबर. रिंग पाच ते दहा दिवसांच्या आत पायात जाते, नंतर जात नाही. ही वही नसेल तर पुढच्या वर्षी तुम्हीच भाऊ-बहिणीची जोडी लावणार.

१२) सीझन संपल्यावर

दोन वेळा पिल्लं झाली की बस, जोडीने तिसऱ्यांदा अंडी दिली तरी बॉक्स काढा. मादीला सरळ कॉलनीत सोडू नका, थकलेली असते आणि बॉक्सच्या रागात असते, आठ दिवस एकटी ठेवून चांगलं खायला घाला. नर आधी गेला तरी चालतो.

साफ करताना सुकी घाण झाडू नका, आधी पाणी मारा, तोंडाला मास्क लावा, त्या धुळीतून माणसालाही फुप्फुसाचा आजार होतो. बॉक्स उकळत्या पाण्याने धुऊन आठ दिवस कडक उन्हात, फटींमध्ये लाल बारीक किडे असतात ते रात्री पक्ष्याचं रक्त पितात, दिवसा दिसत नाहीत. प्लायच्या सांध्यांमध्येपण बघा. मटकी वापरली असतील तर धुवायच्या भानगडीत पडू नका, फोडून टाका आणि दसऱ्याला नवीन आणा.